सॉरीचं माहेर

मेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच लिहितात. आमचा मास्तर जिवंत आहे, डोंबिवलीला लेकीकडे राहतो, दोन वेळा जेवतो. म्हणून त्याच्याबद्दल खरं लिहायला हरकत नाही. वाचून रागावला तर येईल भांडायला. तेवढंच येणं होईल.

मी चौथी शिकलो. पुढचं शिक्षण स्टिअरिंगवर झालं. साखरशेत ते जव्हार, जव्हार ते साखरशेत, केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत जीप मारली. आमच्या बोलीत मोठ्याला तू, धाकट्याला तू, देवालाही तू. मी चार लोकांत फिरलेला म्हणून मास्तरला तोंडावर 'तुम्ही' म्हणायचो. लिहिताना जमत नाही. त्यानं समजून घ्यावं.

आश्रमशाळेत इंग्रजी शिकवायला आला तेव्हा त्याच्याकडं एक ट्रंक होती आणि एक डिक्शनरी. डिक्शनरी उशीएवढी. तिला सिमेंटच्या गोणीचं कव्हर शिवलेलं. आमच्या पडवीतली खोली त्यानं घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर डिक्शनरी ठेवायला पाट मागितला. बायको पाट घेऊन गेली आणि विचारलं, "हा ग्रंथ कणच्या देवाचा?"

"इंग्रजीचा आहे, ताई."

"मंग नारळ फोडू का?"

मास्तर एवढा हसला की त्याचा चष्मा पडला. त्या दिवसापासून त्याचं जेवण आमच्याकडं. कुणी ठरवलं नाही. ती भाकरी थापायची तेव्हा तीनऐवजी पाच थापायला लागली, एवढंच.

त्याला एक खोड होती. इंग्रजी शब्द कानावर पडला की तो त्याचं माहेर विचारायचा. शब्द आता कुठं नांदतो ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणायचा, पण आला कुठल्या घरातून ते कुणी विचारत नाही. जीपमध्ये पुढं माझ्या शेजारी बसायचा आणि मागं बसलेल्या माणसांना पिडायचा. एखादा म्हणाला, "टाईम झाला, गाडी काढ," की हा मागं वळलाच. "टाईमचं माहेर ठाऊक आहे का?" लोक म्हणायचे, मास्तर, आम्हाला आमच्या सुनेचं माहेर आठवत नाही.

एकदा एसटीच्या कंडक्टरनं एका म्हातारीला कोंबडीसकट खाली उतरवली. मास्तर त्याच बसमध्ये होता. हा उठला आणि भर गर्दीत भाषण. "बस हा शब्द लॅटिनचा. आधी ओम्निबस होता. ओम्निबस म्हणजे सगळ्यांसाठी. पुढचं तुटलं, शेपूट राहिलं, तीच ही बस. आता मला सांगा, सगळ्यांसाठीच्या गाडीतून या बाईला कसं उतरवता?" कंडक्टर म्हणाला, बाईला बसू देतो, कोंबडीचं तिकीट काढा. मास्तरनं काढलं. आपल्या खिशातून. वर म्हातारीकडून कोंबडी मांडीवर घेतली.

मी त्याला एकदा जीपचं माहेर विचारलं. म्हटलं, आपल्या गाडीचाही मान होऊ दे. त्यानं डिक्शनरी उघडली, अर्धा तास वाचत बसला, मग म्हणाला, "नक्की कुणालाच माहीत नाही. तीन-चार गोष्टी सांगतात, एकही धड सिद्ध होत नाही."

म्हणजे माझ्या गाडीला अनाथ म्हणाला. दोन दिवस मी त्याला मागं बसवलं.

पण त्याचं खरं वैर होतं ते 'सॉरी'शी. शाळेतली पोरं उठता-बसता सॉरी म्हणायची. उशीर झाला, सॉरी. वही विसरली, सॉरी. दुसऱ्याच्या डोक्यात पट्टी हाणली, सॉरी, आणि लगेच दुसऱ्यांदा हाणली. पोरांना शब्द आला होता आणि तो छान चालत होता, मास्तरच्या रागाला कुलूप लावायला. कारण सॉरी म्हटल्यावर पुढं मारता येत नाही, असं पोरांनी ओळखलं होतं.

मास्तर डिक्शनरीत शिरला आणि तीन दिवसांनी बाहेर आला. रात्री जेवताना त्यानं आम्हाला सगळं सांगितलं. सॉरी हा फार जुना शब्द, इंग्रजी लहान होती तेव्हाचा. त्यांच्यात 'सोअर' म्हणतात ठणकणाऱ्या जागेला, हुळहुळणाऱ्या जखमेला. त्याच घरातली ही पोर. सॉरी म्हणजे आधी एवढंच होतं: माझं दुखतंय. चुकलो, माफ करा, हे नंतर चिकटलं. दुःखाला त्यांच्यात 'सॉरो' म्हणतात. दोघी दिसायला सारख्या, म्हणून लोकांना वाटतं बहिणी, पण दोघींचं माहेर वेगळं. शेजारी राहून राहून एकमेकींसारख्या दिसायला लागल्या.

"तशी मी आणि शेजारची," बायको म्हणाली. "तिनं माझ्यासारखा अंबाडा बांधला तेव्हापासून लोक बहिणी म्हणतात. मेली माझ्यापेक्षा धा वर्षांनी मोठी हाय."

"आणि आता इंग्रज लोक त्याचं काय करतात माहीत आहे का?" मास्तर रंगात आला. "नीट ऐकू आलं नाही तरी सॉरी म्हणतात. म्हणजे परत सांगा. गर्दीतून वाट काढायची तरी सॉरी. एखादी गोष्ट मोडकळीला आली असेल तर तिलाही सॉरी म्हणतात. एवढं वापरलं की शब्दाचा तळ गेला."

"भांड्याचा जातो तसा," बायको म्हणाली. "मंग कल्हई कर."

त्यानं केली. दुसऱ्या दिवसापासून वर्गात नियम: जो सॉरी म्हणेल त्यानं कुठं दुखतंय ते दाखवायचं. दाखवता आलं नाही तर शब्द परत घ्यायचा. पोरं काय, चार दिवसांत तयार झाली. सॉरी म्हणायची आणि पोट धरायची. पण काहींनी खरंच थांबून विचार केला, असं मास्तर म्हणायचा. एका मुलीनं मैत्रिणीची नवी पेन्सिल हरवली होती. ती उभी राहिली, हात छातीपर्यंत नेला, परत खाली घेतला, मग म्हणाली, "गुरुजी, दाखवता येत नाय पण हाय." मास्तरनं ते वाक्य डिक्शनरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. मी पाहिलंय.

जीपमध्येही तेच. वळणावर एका माणसाचा पाय मास्तरच्या पायावर पडला. "सॉरी, मास्तर."

"कुठं दुखतंय?"

"मला कुठं? तुमचा पाय."

"मग सॉरी मी म्हणायला पाहिजे."

तो माणूस पुढच्या फाट्याला उतरला. त्याला जव्हारला जायचं होतं.

आता खरी गोष्ट. नाचणीला आम्ही नागली म्हणतो. माझ्या बायकोकडं एक नागली होती, माहेरची, सूर्यमाळची. लग्नात तिच्या आईनं मूठभर बी तिच्या पदराला बांधून दिलं होतं. कणीस मुठीसारखं घट्ट मिटलेलं, दाणा काळसर, उतारावरच्या वरकस जमिनीत कमी पावसातही तग धरायचं. तिची भाकरी सकाळी केली तर संध्याकाळीही मऊ. आई मेली. भाऊ मजुरीला भिवंडीकडं गेला, त्याची जमीन पडीक झाली. म्हणजे ती नागली आता आमच्याच घरात. दर वर्षी ती थोडी पेरायची, चांगली कणसं निवडायची, बी चुलीच्या राखेत घोळवून वाळल्या भोपळ्यात भरायची आणि भोपळा चुलीवर टांगायची. धुरात बी किडत नाही. खायची नागली वेगळी, कणगीत. भोपळ्याला कुणी हात लावायचा नाही. मला पहिल्याच वर्षी एकदा चिमटा बसला होता.

हे सगळं मास्तरला कुणी सांगितलं नव्हतं. घरात जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी सांगत नाही.

त्या वर्षी फाल्गुनात ती तीन दिवस दाभोशाला गेली, भाचीच्या लग्नाला. तिची कंबर तेव्हा फार धरायची. मास्तरनं कुठंतरी वाचलं की हाडांना नागलीचं सत्त्व चांगलं. ताई रोज खायला घालतात, आपण एकदा काहीतरी करू, असं त्याच्या मनात आलं. कणगीतली खायची नागली घ्यायला त्याला संकोच वाटला, ती घरच्या पोटाची. मग त्याचं लक्ष भोपळ्याकडं गेलं. त्यानं तो उतरवला. आत राखेनं माखलेली, मळकी, विसरून गेलेली असावी अशी नागली. ती त्यानं हापशावर नेऊन चार पाण्यांनी धुतली. फडक्यात बांधून मोड आणले. वाळवली, चक्कीवर दळून आणली, वस्त्रगाळ केली. सगळी. एक दाणा ठेवला नाही, कारण माणूस अर्धवट काम करणारा नव्हता.

मी दिवसभर जीपवर. संध्याकाळी मला त्यानं वाटीभर सत्त्व दिलं, दूध-गूळ घालून. मी खाल्लं. चांगलं झालं होतं. कुठली नागली ते विचारलं नाही. मी खाल्लं हे मी बायकोला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता लिहून टाकतो.

ती लग्नाहून आली. पाय धुऊन बसली. मास्तरनं वाटी पुढं केली. दोन चमचे खाऊन म्हणाली, "गोड हाय. कणची नागली?"

मास्तरनं मोठ्या कौतुकानं वर बोट केलं. "ती भोपळ्यात पडून होती ना, राखेनं घाण झालेली. अगदी स्वच्छ धुतली, ताई. आता रोज एक वाटी घ्यायची."

ती उठली. भोपळा उतरवून कानाशी हलवला. मग खाली बसली आणि वाटी परत हातात घेतली. मला वाटलं फेकते आता. पण ती खायला लागली. हळूहळू सगळं खाल्लं, वाटी बोटानं पुसून घेतली.

"आईचं हाय," ती म्हणाली. "टाकू कसं?"

मी मास्तरला बाहेर नेऊन समजावलं. बी म्हणजे काय, कुणाचं, किती वर्षांचं. त्याचा चेहरा पडवीच्या मातीसारखा झाला. तसाच आत गेला आणि दारात उभं राहून म्हणायला लागला, "सॉरी, ताई. मला खरंच माहीत नव्हतं. सॉरी. सॉरी."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "कुठं दुखतं?"

मास्तर माझ्याकडं बघायला लागला.

"पोरांना विचारतोस ना वर्गात? मंग सांग. कुठं दुखतं तुझं?"

"ताई, मी मनापासून सॉरी म्हणतोय."

"तुझं सॉरी पेरू? उगवल का?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. उपाशी ठेवलं नाही हां, ते तिच्या रक्तात नव्हतं. पाच भाकऱ्या थापायची, दोन त्याच्या ताटात ठेवायची, ताट ओटीवर ठेवायची आणि पाठ फिरवायची. मास्तर मला म्हणायचा, "बोलत नाहीत, पण मीठ बरोबर घालतात. हे जास्त लागतं."

पेरणीला तीन महिने होते. तेवढ्यात बी मिळालं तर मिळालं. नाहीतर तिच्या आईची नागली आमच्या घरातून गेली, आणि तिला वाटत होतं की जगातूनच गेली.

एका रविवारी सकाळी मास्तर जीपपाशी उभा. हातात कोरी वही. "शब्दाचं माहेर शोधतात तसंच शोधायचं," म्हणाला. "ताईंच्या आईनं लेकीला बी दिलं. पण बाई एकीलाच देऊन थांबत नाही. आणखी कुणाला दिलं असेल, त्यांनी पुढं कुणाला. कुठंतरी एक घर सापडेल जिथं अजून नांदत असेल."

मी त्याला दोन रविवार सूर्यमाळला नेलं, मोखाडा, खोडाळा करत. डिझेल माझं, उपदेश त्याचा. मग मी कंटाळलो, तो एसटीनं आणि पायी जायला लागला. तिथं एक पाडा इथं तर दुसरा डोंगरापल्याड. हा घरोघरी जाऊन विचारायचा, काळसर नागली आहे का, मुठीसारख्या कणसाची? बाया हसायच्या. "मास्तर, पोरगी बघायला आलास का नागली?" "नागली." "मंग तुझं लगीन होतं नाय ते बरोबर हाय." त्याचं लग्न होऊन बायको वारली होती, पण हे तो सांगायचा नाही. वहीत लिहीत जायचा. अमकीनं तमकीला दिली, तमकीची उंदरांनी खाल्ली.

तीन ठिकाणांहून नमुने आणले. ओटीवर कागदाच्या पुड्या ठेवायचा आणि बाजूला उभा राहायचा. बायको दाणे तळहातावर चोळायची, दाताखाली धरायची, थुंकायची. मग पुडी कोंबड्यांपुढं रिकामी. त्या वर्षी आमच्या कोंबड्या मास्तरला बघून धावत यायच्या.

वैशाखात राब भाजून झाला. रोपांसाठी जी जागा आम्ही पालापाचोळा आणि शेण जाळून तयार करतो तो राब. तिनं दर वर्षीसारखा नागलीचा तुकडाही भाजला. पेरायला काही नव्हतं. मी म्हटलं, शेजारणीची नागली पेर. ती म्हणाली, "तिथं तीच पेरीन, नायतर राख राहू दे."

त्याच आठवड्यात मास्तरला म्हातारी सापडली. सूर्यमाळच्या खालच्या अंगाच्या पाड्यावर, एकटी राहणारी. बायकोच्या आईची जिवाभावाची मैत्रीण. पण तिथं तेव्हा पाण्याची बोंब. बाया पहाटेपासून खालच्या झऱ्याशी बसलेल्या, वाटीवाटीनं हंडे भरणाऱ्या. म्हातारीनं मास्तरचं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्याजवळ बोलायला टाईम नाय. पाणी आणायचंय."

"मी आणतो."

"तू?"

"मी."

त्याला डोक्यावर हंडा घेता येत नव्हता, पडायचा. म्हणून खांद्यावर. झऱ्यापासून पाड्यापर्यंत उभा चढ. सात खेपा घातल्या. सातव्या खेपेला म्हातारीनं मडकं उघडलं आणि त्याच्या हातावर चार दाणे ठेवले. काळसर. मास्तर म्हणतो की त्याला तिथंच रडू आलं. मी तिथं नव्हतो, त्यामुळं खरंखोटं त्याचं त्याला माहीत.

पण म्हातारी पुढं काय म्हणाली? "बी तुझ्या हातात नाय देणार. बी पदरातनं पदरात जातं. तिला पाठव."

आता आली का पंचाईत. बी सापडलं, आणि सांगायचं कुणाला, तर बोलत नाही तिला.

रात्री जेवायला बसलो. मी मध्ये, मास्तर ओटीवर, ती चुलीशी. मास्तरचा उजवा हात वर जाईना. डाव्या हातानं भाकरी मोडायला गेला, तीही जमेना. तिनं पाहिलं. मला म्हणाली, "त्याला विचार, खांद्याला काय झालं."

दोघांत अंतर किती, तर चार हात.

"मास्तर, खांद्याला काय झालं विचारते."

"काही नाही म्हणावं."

"काय नाय म्हणतो."

"त्याला सांग, हळद लाव."

"ताईंना सांग, लावली."

"त्याला सांग, खोटं बोलू नको. हळद माझ्या डब्यात हाय."

मी म्हटलं, मी काय पोस्टमन आहे का? उठून त्याचा शर्ट खांद्यावरून ओढला. कातडं निघालं होतं. शर्ट चिकटला होता, निघताना मास्तर ओरडला. मग त्यानं सांगितलं सगळं. झरा, सात खेपा, म्हातारी, चार दाणे. माझ्याकडं बघून सांगत होता, आवाज तिच्यासाठी होता. तिनं उठून हळद-तेल गरम केलं, वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सकाळी गाडी काढ."

ती जीपमध्ये मध्ये बसली, मास्तर दाराकडं. सूर्यमाळपर्यंत कुणी बोललं नाही. मला तेवढ्या प्रवासात जांभया आल्या.

म्हातारी दारातच होती. तिनं हिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलं वाक्य काय, तर शिवी. इतकी वर्षं आली नाही म्हणून. मग दोघी एकमेकींना धरून बसल्या. आईचं बोलल्या, कुठल्यातरी बैलाचं बोलल्या, कुणाच्यातरी लग्नात नाचताना आई पडली होती ते बोलल्या, आणि त्यावर एवढ्या हसल्या की आम्ही दोघं बाहेर बसलेले पुरुष उगाच आपण हसण्याचा विषय आहोत काय असं बघायला लागलो. निघताना म्हातारीनं पदराची झोळी करून मडक्यातलं बी घेतलं आणि हिच्या पदरात सोडलं. बायकोनं एक दाणा दाताखाली धरला. थुंकली नाही. गिळला.

परत येताना ती पुन्हा मध्ये बसली, पदराची गाठ मांडीवर धरून. खोडाळ्याच्या पुढं वळणावर मास्तर तिच्या अंगावर कलला.

"सरक की तिकडं," ती त्याला म्हणाली. "बी चेंगरल."

मास्तर दाराला चिकटून बसला आणि साखरशेतपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मध्येच चष्मा पुसायचा. त्या दिवशी धूळ फार होती, असं मी धरून चाललो.

तिनं त्या वर्षी अर्धंच बी पेरलं. अर्धं राखेत घोळवून भोपळ्यात. पाऊस आणि माणूस, दोघांवर पुरता भरवसा ठेवू नये, असं तिचं मत होतं. भोपळ्याखाली मास्तरनं खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हात लावू नये'. बायको म्हणाली, "हे कुणासाठी? हात लावणारा तूच, वाचणारा तूच."

ती गेली त्याला आता दुसरं वर्ष. थंडीत गेली. छातीत दुखतं म्हणाली, जव्हारहून पुढं मोठ्या दवाखान्यात नेली, दोन दिवस होती. एक पोरगेला डॉक्टर बाहेर आला आणि मला सॉरी म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं. डोळे तांबडे, पायात दोन रंगांचे मोजे, किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मी त्याला काही विचारलं नाही. दिसत होतं.

मास्तर तेव्हा येऊ शकला नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. फोनवर आला आणि काही बोलला नाही. मीही नाही. लेकीनं घेऊन फोन बंद केला. मग दर रविवारी फोन करायला लागला. जेवलास का, औषध घेतलंस का, डोंबिवलीत पाणी किती वाजता येतं, असलं काहीतरी. माहेरं सांगणं बंद.

पहिल्या वर्षी मी नागली पेरली नाही. भोपळा उतरवायला हात वर जाईना. भात लावला, तो शेजाऱ्यानं लावला म्हणा. यंदा चैत्र गेला, वैशाख लागला, तरी मी राब भाजला नव्हता. रविवारी मास्तरनं फोनवर विचारलं, "राब?" मी म्हटलं, भाजला. तो म्हणाला, "बरं." मला वाटलं सुटलो.

बुधवारी दुपारी दारात उभा. काठी, चष्मा, पाठीवर पिशवी. डोंबिवलीहून गाड्या बदलत, शेवटी टमटमनं आलेला. चपला काढल्या नाहीत. माझ्याकडं बघितलं, चुलीवर टांगलेल्या भोपळ्याकडं बघितलं.

"राब कुठाय?"

"भाजला नाही."

"मग चल."

दोन म्हातारे, मिळून दीड माणसाची ताकद. पाला गोळा करायला दोन दिवस गेले. शेजारीण शेण घेऊन आली, शिव्या देऊन गेली. भाजला. मास्तरच्या पायजम्याला भोक पडलं. मग थांबलो पावसाच्या अंदाजासाठी. तो राहिला. लेकीचे फोन यायचे, तो म्हणायचा, रेंज नाही.

पेरायच्या दिवशी मी भोपळा उतरवला. टोपल्यात बी ओतलं. नागलीची पहिली मूठ घरच्या बाईनं टाकायची अशी आमची रीत. आम्ही दोघं राखेच्या कडेला उभे. मास्तर म्हणाला, शेजारणीला बोलाव. मी म्हटलं नाही. टोपलं त्याच्या हातात दिलं.

त्यानं आयुष्यात बी पेरलं नव्हतं. मूठ भरली, आणि सगळी मूठ एकाच जागी पडली. दुसरी त्याच्यावरच.

ती असती तर गप्प बसली नसती.  मग मीच म्हटलं, "मास्तर, बी पेरतोस का टोपलं रिकामं करतोस? पसर ते."

मास्तरनं काठी टाकली, गुडघा धरत खाली बसला, आणि एकेक दाणा बोटानं पसरायला लागला.